माशाच्या मापाने पाणी

सालेकसा हा गोंदिया जिल्ह्याचा अगदी पूर्वेकडचा तालुका. एका अंगाला छत्तीसगड, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा आणि मधून नागपूरहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग. दरेकसाच्या डोंगरातला हाजरा धबधबा आणि गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या कचारगडच्या गुहा यांच्यामुळे बाहेरच्यांना हा भाग माहीत असतो. इथे राहणाऱ्यांचे जगणे मात्र पाण्याभोवती फिरते. वाघ नदी आणि तिला मिळणारे नाले, पुजारीटोला आणि कालीसरार ही धरणे, गावोगावचे जुन्या मालगुजारांनी बांधलेले मालगुजारी तलाव, शेतातली लहान तळी म्हणजे बोड्या आणि पावसाळ्यात काठोकाठ भरणारी धानाची खाचरे म्हणजे बांध्या, एवढ्यावर इथली शेती आणि मासेमारी चालते. राइस मिल सोडल्या तर धूर ओकणारे कारखाने इथे नाहीत, नदीत सांडपाणी ओतणारे मोठे शहरही नाही. पाणी दूषित आहे का असे विचारले तर बहुतेक जण नाही म्हणतील, आणि डोळ्यांना जे दिसते त्यावरून ते उत्तर रास्तच आहे. पण जड धातू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्या बाबतीत पाणी स्वच्छ आहे की नाही हे ठरवण्यासाठी आपल्याकडे जे माप आहे ते माणसाच्या घशासाठी बनवलेले आहे. पाण्यातच जन्मून पाण्यातच मरणाऱ्या जिवाला ते लागू पडत नाही. म्हणून माशासाठी वेगळे माप हवे, आणि ते सर्वांत आधी सालेकसासारख्या, आज कुणाचीही तक्रार नसलेल्या ठिकाणी लावले पाहिजे, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

पारा, शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त, मँगनीज ही जड धातूंची नेहमीची नावे. आर्सेनिक शास्त्रीयदृष्ट्या पुरता धातू नाही, पण पाण्यातली त्याची वागणूक आणि त्याचा घातकपणा पाहता त्यालाही याच यादीत धरतात. यांतले तांबे, जस्त आणि मँगनीज अगदी थोड्या प्रमाणात प्रत्येक जिवाला लागतात. पारा, शिसे आणि कॅडमियम यांचा माशाला काहीच उपयोग नाही. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, आणि बाकीच्या प्रदूषणापासून हे प्रकरण वेगळे काढावे लागते ते तिच्यामुळेच. गावाच्या सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात, कीटकनाशकाचा रेणू कालांतराने तुटतो. धातू हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, तुटत नाही. पाण्यातून गाळात जाईल, गाळातून किड्यात, किड्यातून माशात आणि मेलेल्या माशातून पुन्हा गाळात. पण तलावातून ते नाहीसे होणार नाही.

आता मापांकडे वळू. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १०५०० हे मानक आहे. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत एका लिटरमध्ये तांबे ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. जस्ताला ५ मिलिग्रॅम, नाइलाजाने १५ मिलिग्रॅम. माणसासाठी या मर्यादा ठीक आहेत, कारण आपले आतडे आणि यकृत जास्तीचे तांबे-जस्त सहज बाहेर टाकतात. जस्ताच्या मर्यादेमागे मुख्य विचार पाण्याच्या तुरट चवीचा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जलचरांसाठी वेगळे निकष बांधले. पाण्याची कठिणता लिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर अल्पकाळासाठी तांबे १३ मायक्रोग्रॅमच्या आणि जस्त १२० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे ते सांगतात. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. म्हणजे आपण ज्या पाण्याला पिण्यायोग्य असा दाखला देऊ त्यात मासा आणि त्याचे अन्न यांना झेपेल त्याच्या चाळीस पट जस्त असू शकते, आणि तांब्याची सवलतीची मर्यादा धरली तर शंभर पटींहून अधिक तांबे. माणसाने निर्धास्त प्यावे आणि माशाने तडफडावे असे पाणी कागदावर पूर्ण निर्दोष ठरू शकते.

मग माशासाठी आपल्याकडे निकष नाहीतच का? आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग पाडले आहेत. त्यांतला चौथा वर्ग वन्यजीव आणि मत्स्यव्यवसायासाठी आहे. या वर्गात बसायला पाण्याने तीन अटी पाळायच्या: सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत. या यादीत एकही धातू नाही. अन्नसुरक्षेचे नियम माशाच्या मांसात शिसे, कॅडमियम आणि पारा किती असावा हे जरूर सांगतात, पण तो ताटात आलेल्या माशाचा हिशेब झाला. जिवंत मासा त्या पाण्यात अंडी घालू शकतो का, त्याची पिल्ले वाचतात का, हा प्रश्न दोन्ही नियमांच्या मधल्या फटीत पडून राहिला आहे. हे दुर्लक्ष जाणूनबुजून झालेले नाही. हे वर्ग आखले गेले तेव्हा नद्यांचा मुख्य शत्रू शहरांचे सांडपाणी होते, आणि सांडपाण्यासाठी ते तीन निकष पुरेसे बोलके आहेत. पण आज तेवढ्यावर थांबणे मला मान्य होण्यासारखे वाटत नाही.

माणूस आणि मासा यांच्यात एवढी तफावत का पडते? उत्तर कल्ल्यांत आहे. आपण पाणी पितो ते पोटात जाते, आणि पोटात काय घ्यायचे काय नाही याची गाळणी असते. माशाचा कल्ला म्हणजे रक्त आणि पाणी यांच्यातला काही मायक्रोमीटर जाडीचा पडदा. श्वासासाठी तो तसा पातळ असावाच लागतो. गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असते, त्यामुळे त्याच्या अंगातले क्षार सतत बाहेर झिरपत राहतात. ते भरून काढायला कल्ल्यातल्या खास पेशी रात्रंदिवस पाण्यातून सोडियम आणि कॅल्शियम ओढून घेतात. धातू नेमके याच दारात घुसतात. तांबे सोडियमची वाट अडवते आणि सोडियम आत ढकलणारे विकर निकामी करते. कॅडमियम आणि जस्त कॅल्शियमच्या मार्गात शिरतात. मासा विष पिऊन मरतो असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा त्याच्या अंगातले मीठ संपत जाते आणि रक्ताभिसरण कोलमडते. मात्रा फार मोठी असेल तर कल्ल्यांवर चिकट आवरण साचते आणि मासा भर पाण्यात गुदमरतो. या लढाईत माशाच्या आधी त्याचे अन्न हरते. कटल्याचे खाद्य असलेले, आणि सगळ्याच माशांच्या पिल्लांना लागणारे जलपिसूसारखे सूक्ष्म जीव तांब्याला माशापेक्षाही हळवे असतात. तलावात मोठे मासे धडधाकट दिसत असताना यंदाचे बीज का टिकले नाही, याचे कारण या न दिसणाऱ्या जिवांत असू शकते.

मात्रा मारक नसतानाही धातू काय करतात, हे मला या विषयातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण वाटते. १९३८ मध्ये कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने एक विलक्षण गोष्ट नोंदवली. मिनो जातीच्या एका लहान माशाची कातडी जखमी झाली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात सुटते आणि त्याचा वास येताच थवा भेदरून पळतो किंवा तळाशी दडतो. शिकारी आला आहे हा इशारा वासातून पोहोचतो. रोहू, कटला, मृगळ हे मासे त्याच गणातले. पुढे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सामन माशांच्या पिल्लांवर प्रयोग झाले तेव्हा दिसले की लिटरला अवघे काही मायक्रोग्रॅम तांबे काही तासांतच त्यांच्या नाकातल्या चेतापेशी बोथट करते आणि पिल्ले धोक्याच्या वासाला दाद देईनाशी होतात. अशा पाण्यात एकही मासा पालथा तरंगत नाही. पिल्ले चांगली पोहत असतात, खात असतात, फक्त शिकारी जवळ आला हे त्यांना कळत नाही. सामन थंड पाण्यातला आणि आपल्या तलावांतले मासे उष्ण पाण्यातले, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इकडे उचलता येणार नाहीत. पण नाकाची रचना आणि तांब्याचा मार्ग तोच आहे. शिकारी मरळ आणि रोहूची पिल्ले ज्या तलावात शेजारी राहतात तिथे वास हरवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. मेलेले मासे मोजून प्रदूषण ठरवण्याची आपली सवय इथे सपशेल अपुरी पडते.

धातू किती घातक ठरेल हे पाण्याच्या स्वभावावरही अवलंबून असते. पाण्यात चुना म्हणजे कॅल्शियम भरपूर असेल तर कल्ल्याच्या दारात तो धातूशी स्पर्धा करतो आणि माशाला संरक्षण मिळते. म्हणूनच वरचे अमेरिकी आकडे कठिणतेला बांधलेले आहेत. कठिणता १०० ऐवजी ५० असेल तर तांब्याची मर्यादा १३ वरून सुमारे ७ मायक्रोग्रॅमवर येते. सालेकसाचे खडक इथे आड येतात. दख्खनच्या पठारासारखा काळा कातळ इथे नाही. हा डोंगरगड खडकसमूहाचा प्रदेश आहे. शेजारच्या आमगावचे नाव ज्याला मिळाले तो आमगाव नाईस, त्यावर सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींतून आलेला बिजली रायोलाईट आणि त्याच काळातला डोंगरगड ग्रॅनाईट. अशा खडकांवरून धावणारे पावसाचे पाणी चुनखडीच्या मुलखातल्या पाण्यापेक्षा मृदू असते. त्यात कॅल्शियम कमी, सामू बदलला तर सावरून धरणारे क्षारही कमी. म्हणजे धबधब्याखाली नितळ दिसणाऱ्या पाण्यात धातू सोसण्याची ताकद कमीच असते. तेवढ्याच तांब्याचा माशाला होणारा त्रास इथे कठीण पाण्यातल्यापेक्षा जास्त असणार.

याच खडकांत धातूही आहेत, आणि त्याचा पुरावा सालेकसापासून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. छत्तीसगडमधल्या अंबागड चौकी भागात कौडीकसा नावाचे गाव आहे. १९९९ मध्ये जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातल्या विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे आणि ते पिणाऱ्यांच्या त्वचेवर त्याच्या खुणा उमटल्याचे प्रसिद्ध केले. सुरक्षित मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. कौडीकसाच्या काही विहिरींत ती कित्येक पटींनी ओलांडलेली होती. तिथे कारखाना नव्हता. भूवैज्ञानिकांनी माग काढला तो डोंगरगड–कोटरी पट्ट्यातल्या रायोलाईट आणि ग्रॅनाईटपर्यंत. हाच पट्टा उत्तरेकडे आपल्या दिशेने येतो. यावरून सालेकसाच्या विहिरींत आर्सेनिक आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. कौडीकसातही एका विहिरीत ते सापडते आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या विहिरीत नसते, कारण खडकातली भेग कुठून जाते आणि दगड किती कुजला आहे यावर सारे ठरते. पण कारखाना नाही म्हणून धातू नाही, हा युक्तिवाद मात्र कौडीकसाने कायमचा मोडीत काढला आहे. उन्हाळी धानासाठी बोअरवेलचे पाणी बांध्यांत आणि बोड्यांत सोडले जाते तेव्हा खडकाच्या पोटातले पाणी माशांच्या घरात येते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. खडकातले धातू जर कोट्यवधी वर्षांपासून आहेत तर इथले मासेही हजारो वर्षांपासून आहेत; ते सरावले नसतील का? काही प्रमाणात नक्की सरावतात. जिवांच्या शरीरात मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन तयार होते, ते १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात प्रथम सापडले. तांबे, जस्त, कॅडमियम यांना ते घट्ट धरून निष्प्रभ करते. मासेही ते यकृतात आणि कल्ल्यांत बनवतात. पण त्याला खर्च आहे. जी ऊर्जा वाढीला आणि अंड्यांना जायची ती बंदोबस्ताला लागते. शिवाय सरावणे म्हणजे सगळ्यांनी टिकणे नव्हे. जगभरच्या खाणप्रदेशातल्या ओढ्यांत सारखेच चित्र दिसते. मेफ्लायसारखे नाजूक किडे आधी नाहीसे होतात, मग त्यांच्यावर जगणारे मासे, आणि उरतात त्या चार-दोन कणखर जाती. पाणी जिवंत दिसते, पण तिथली माणसे म्हणतात त्याप्रमाणे "पूर्वीचे मासे" राहत नाहीत. सरावण्याला अनेक पिढ्या लागतात, आणि धातूचे प्रमाण एखाद्या खाणीमुळे किंवा राखेच्या ढिगामुळे दहा वर्षांत बदलू शकते. वेगाचा हा फरक आक्षेप घेणारे विसरतात.

राखेचा उल्लेख सहज केलेला नाही. गोंदिया जिल्ह्यातच तिरोड्याला ३३०० मेगावॉटचे कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे, आणि विदर्भात अशी आणखी केंद्रे आहेत. कोळशात पारा, आर्सेनिक, शिसे अगदी अल्प प्रमाणात असतात, पण कोळसा जळतो तो लाखो टनांनी. बरेचसे धातू राखेत उतरतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीजकेंद्राच्या खसाळा राखतलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी नाल्यांवाटे कन्हानच्या खोऱ्यात गेले. कन्हान पुढे वैनगंगेला मिळते. वाघही वैनगंगेचीच उपनदी, पण कन्हानपासून दूर, वरच्या अंगाला. त्यामुळे ती राख इकडे येण्याचा प्रश्न नाही. पाऱ्याचे तसे नाही. त्याची वाफ धुरांड्यातून निघाली की महिनोन्‌महिने हवेत राहू शकते आणि शेकडो, हजारो किलोमीटरवर पावसाबरोबर खाली येते. डोंगरातल्या तलावाला तालुक्याची सीमा वाचवत नाही. घरच्या वाटाही आहेत: खनिज फॉस्फेटापासून बनलेल्या खतांत थोडे कॅडमियम येते, धानावर तांबेयुक्त बुरशीनाशके फवारतात, जस्ताच्या कमतरतेसाठी झिंक सल्फेट देतात, जाळ्यांना शिशाचे मणी असतात. यातली प्रत्येक गोष्ट एकटी किरकोळ आहे आणि शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. मुद्दा साठण्याचा आहे.

साठतात ते गाळात. पाण्यात आलेला धातू मातीच्या कणांना, लोहाच्या गंजाला, कुजक्या पाल्याला चिकटतो आणि तळाशी बसतो, म्हणून वरच्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली तर ती बहुधा निर्दोष ठरते. ठाण्याच्या खाडीत पाऱ्याचा माग काढला गेला तोही गाळातून. त्यावरचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. गाळ ही प्रदूषणाची वही आहे, वरचे पान यंदाचे आणि खाली जावे तसतशी जुनी पाने. पण गाळात गेले म्हणजे प्रकरण मिटले असेही नाही. उन्हाळ्यात तलावाच्या तळाशी प्राणवायू संपतो तेव्हा लोहाचा गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक व मँगनीज पुन्हा पाण्यात येतात. आणि याच प्राणवायू नसलेल्या चिखलात काही जिवाणू साध्या पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. साधा पारा शरीरात फारसा टिकत नाही. मिथाइल पारा स्नायूंत रुजतो, मेंदूत आणि अंड्यांत पोहोचतो. शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहान माशातून मरळीत आणि वाममध्ये, अशा प्रत्येक पायरीवर तो वाढत जातो. शिकारी माशाच्या अंगात त्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या दहा लाख पटींवरही जाऊ शकते. कॅनडात क्युबेक प्रांतातल्या नव्या धरणांत जंगल बुडाल्यावर वीस-तीस वर्षे माशांतला पारा चढा राहिला. चीनच्या ग्वेइचौ प्रांतातल्या पारा-खाणींच्या परिसरात संशोधकांना दिसले की भरणे आणि आटणे या चक्रातून जाणारी भातखाचरे हे रूपांतर मोठ्या जोमाने करतात. तलाव, धरण आणि भातखाचर, तिन्ही गोष्टी सालेकसात एकमेकींना लागून आहेत.

दुसरा आक्षेप या तलावांत मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांच्या बाजूने येतो, आणि तो केवळ शास्त्राने उडवून लावण्यासारखा नाही. गावच्या तलावाच्या गाळात धातू शोधत फिरलात, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, तर उद्या आठवडी बाजारात आमचा मासा कोण घेईल? ही भीती खरी आहे. जपानमध्ये मिनामाता इथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यातल्या पाऱ्याने खाडीतले मासे विषारी झाले, तेव्हा तिथल्या कोळ्यांवर नेमके हेच ओढवले. पण तो इतिहास पुरा वाचला पाहिजे. १ मे १९५६ रोजी पाऱ्याच्या विषबाधेतून झालेल्या त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. त्याआधीच काही वर्षे खाडीत मासे तरंगत होते, पक्षी कोसळत होते, मासे खाणाऱ्या मांजरी झटके येऊन मरत होत्या. चिस्सो कंपनीच्या रुग्णालयातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचे सांडपाणी मांजराला खाऊ घालून आजार सिद्ध केला. कंपनीने तो निष्कर्ष दाबला. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये. बारा वर्षे वाद चालला तो आजाराचे कारण काय आणि पारा कुठून आला यावर. या बारा वर्षांत त्या खाडीतला मासा सर्वांत जास्त खाल्ला तो कोळ्यांच्याच कुटुंबांनी, आणि सर्वांत जास्त भोगलेही त्यांनीच. आधीची नोंद त्यांच्याजवळ असती तर एवढा काळ त्यांना झुलवत ठेवता आले नसते. म्हणून माझे मत असे की मोजणी ही ढीवरांविरुद्धची गोष्ट नाही. आज गाळ चांगला निघाला तर तो त्यांच्या माशाचा दाखला ठरेल. उद्या या पट्ट्यात खाण किंवा प्रकल्प आला आणि मासा घटला, तर नुकसान सिद्ध करायला त्यांच्याकडे तेवढाच एक पुरावा असेल. मात्र एक अट आवश्यक आहे: निकाल आधी मासेमारी सहकारी संस्थेला आणि ग्रामसभेला, मराठीत, समजावून सांगितला जावा, आणि मग बाहेर जावा.

तिसरा आक्षेप खर्चाचा. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत, प्रत्येकाचा गाळ कोण तपासणार? पण काम शून्यापासून सुरू करायचे नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने भूरासायनिक नकाशांसाठी देशभर दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरच्या चौकटीत ओढ्यांचा गाळ गोळा करून त्यातली डझनावारी मूलद्रव्ये मोजण्याचे काम हाती घेतले आहे. त्यांचा हेतू खनिजे शोधण्याचा आहे. तेच आकडे माशाच्या दृष्टीने वाचले तर कुठल्या ओढ्याखालचा तलाव आधी तपासायचा हे ठरवता येते. या सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरात आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, तीही नागपुरातच. दुसरी सोय आणखी जवळची आहे. २०१७ मध्ये राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू झाली. तलावातला गाळ उपसून शेतात टाकला जातो, आणि धानाच्या शेतीसाठी ते उत्तमच आहे. पण आपण त्या वहीची पाने न वाचताच शेतात पसरतो. पोकलेन तलावात उतरण्याआधी तळाच्या तीन-चार जागांहून गाळाचे नमुने काढून ठेवले तर त्याला वेगळी मोहीम लागत नाही, आणि तो गाळ शेतात टाकणे योग्य की नाही हेही त्यातून कळते. तलावातले शिंपले ही तिसरी सोय. वर्षानुवर्षे एकाच जागी बसून ते पाणी गाळतात आणि धातू अंगात साठवतात, म्हणून १९७० च्या दशकापासून अमेरिकेच्या किनाऱ्यांवर प्रदूषणाची पाहणी शिंपल्यांवरून केली जाते. आपल्या तलावांत ते मुबलक आहेत आणि कुठे सापडतात हे ढीवर बायकांना कुठल्याही तज्ज्ञापेक्षा चांगले ठाऊक असते.

ही नोंद ठेवायची जागाही कायद्याने दिलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. तलावात कोणते मासे, कोणती कमळे, कोणते पक्षी आहेत हे या वहीत लिहितात. तिच्यात आणखी एक पान जोडावे: तलावाचे नाव, नमुन्याची तारीख, पाण्याचा सामू आणि कठिणता, गाळातले व शिंपल्यातले तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक. पाच वर्षांनी पुन्हा तेच. सालेकसा तालुक्यातल्या ग्रामपंचायतींना, मासेमारी संस्थांना आणि तिथल्या महाविद्यालयातल्या विज्ञानशिक्षकांना कळकळीची विनंती आहे: येत्या उन्हाळ्यात ज्या तलावाचा गाळ निघणार असेल, त्याचा एक किलो गाळ ट्रॅक्टर भरण्याआधी बाजूला काढा, स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, वर तारीख आणि जागा लिहा, आणि तपासणीसाठी नागपूरला पाठवा.